घरचे बियाणे आणि नव्या वाणाचे ऋण

शेतकऱ्याच्या घरात धान्याच्या राशीतून सर्वांत आधी काय बाजूला निघते, असे विचारले तर जुनी माणसे एकच उत्तर देतात : पुढच्या वर्षाचे बी. उपासमारीच्या वर्षीही बियाण्याच्या कणगीला हात न लावणारी पिढी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. आपल्या वसतिगृहात शिकून गेलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची घरे शेतकऱ्यांची अथवा शेतमजुरांची आहेत. म्हणून बियाण्याविषयी आज जगभर चाललेला एक वाद आपण समजून घेतला पाहिजे. शेतकऱ्याने स्वतःच्या पिकातून राखलेल्या बियाण्यावर वाण तयार करणाऱ्याचा काही हक्क उरतो काय? उरत असेल तर तो किती? आणि नसेल तर पुढचा नवा वाण निर्माण करण्याचा खर्च कोणी सोसावा? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. राखलेले बी आणि विकत घेतलेले बी

बियाण्याचे दोन प्रकार प्रथम ध्यानात घ्यावेत. पहिले प्रमाणित बियाणे. पैदासकार शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तयार होते ते पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत बियाणे आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे, अशी ही उतरंड आहे. पैदासकार बियाण्याच्या पिशवीला पिवळी, पायाभूतला पांढरी आणि प्रमाणितला निळी खूणचिठ्ठी असते. शेताची तपासणी, भेसळीची मर्यादा व उगवणशक्ती यांची हमी या चिठ्ठीमागे असते. दुसरे बियाणे म्हणजे घरचे. मागील हंगामाच्या उत्पन्नातून निवडून, वाळवून, निवडक पोत्यांत ठेवलेले.

घरचे बियाणे कोणत्या पिकात चालते हे त्या पिकाच्या स्वभावावर ठरते. गहू, भात, हरभरा, सोयाबीन ही पिके बहुतांशी स्वपरागित आहेत. एकदा वाण स्थिर झाला की त्याचे दाणे पेरून तोच वाण पुन्हा मिळतो. संकरित बियाण्याचे तसे नाही. संकरित मका किंवा बाजरी यांचे दाणे पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते आणि उत्पादन घटते. त्यामुळे संकरित बियाण्यात वाण तयार करणाऱ्याचे रक्षण निसर्गच करतो. शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. सरळ वाणांत मात्र एक पिशवी विकली गेली की काही वर्षांत साऱ्या गावाचे बियाणे त्यातून तयार होऊ शकते. ही शेतकऱ्याच्या दृष्टीने निसर्गाची कृपा आहे, आणि वाण तयार करणाऱ्याच्या दृष्टीने हीच अडचण आहे.

२. नवा वाण घडतो कसा

नवा वाण म्हणजे एखाद्या प्रयोगशाळेत एका दुपारी लागलेला शोध नव्हे. दोन निवडक वाणांचा संकर केल्यावर दुसऱ्या पिढीपासून हजारो वेगवेगळी रोपे समोर येतात. त्यांतून निवड, पुन्हा पेरणी, पुन्हा निवड असे सहा-सात पिढ्या चालते. मग निरनिराळ्या जमिनींत व हवामानांत चाचण्या होतात. वाण इतरांहून वेगळा आहे का, त्याची सर्व रोपे एकसारखी आहेत का आणि पिढ्यान्‌पिढ्या तो स्थिर राहतो का, या तीन कसोट्या लावल्या जातात. गव्हासारख्या पिकात पहिल्या संकरापासून शेतकऱ्याच्या हाती बियाणे पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. हजारो रोपांतून एखादेच वाणाच्या योग्यतेचे ठरते. उरलेल्यांवर झालेला खर्च त्या एकालाच भरून काढावा लागतो.

शिवाय हे काम कधी संपत नाही. रोगकारक बुरशीही बदलत असते. गव्हावरील काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार १९९०च्या दशकाच्या अखेरीस युगांडात आढळला आणि तोवर प्रतिकारक समजले जाणारे कितीतरी वाण त्याच्यापुढे दुबळे ठरले. आपल्या महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणारे संशोधन केंद्र आहे, ते याच कारणासाठी. कालच्या वाणाने आजचे पोट भरते. उद्याच्या पोटासाठी आजच संकर करून ठेवावा लागतो. हा खर्च कोठून यावा, हा मूळ प्रश्न आहे.

३. तीन देश, तीन रीती

युरोपात या प्रश्नाचे उत्तर ‘पैदासकाराचा हक्क’ या कल्पनेतून शोधले गेले. १९६१ साली पॅरिस येथे नव्या वाणांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ‘युपोव’ या नावाने तो ओळखला जातो. ब्रिटनने १९६४ साली त्यासाठी कायदा केला. हक्क नोंदवलेल्या वाणाचे बियाणे तयार करून विकायचे तर पैदासकाराचा परवाना घ्यावा लागतो आणि विकलेल्या प्रत्येक टनामागे त्याला रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वशुल्क, द्यावे लागते. शेतकऱ्याला ही रक्कम वेगळी दिसत नाही; ती प्रमाणित बियाण्याच्या किमतीत मिसळलेली असते.

या व्यवस्थेत आरंभी घरच्या बियाण्यावर काहीच आकारणी नव्हती. १९९१ साली करारात सुधारणा झाली आणि पैदासकाराचे न्याय्य हित राखून, वाजवी मर्यादेतच शेतकऱ्याला बियाणे राखण्याची मुभा देता येईल, असे ठरले. युरोपीय संघाने १९९४च्या नियमाने त्याला रूप दिले. तृणधान्यांसारख्या ठरावीक पिकांत शेतकरी संरक्षित वाणाचे घरचे बियाणे वापरू शकतो. मात्र त्याबद्दल पैदासकाराला ‘न्याय्य मोबदला’ द्यावा लागतो आणि तो प्रमाणित बियाण्यावरील रॉयल्टीपेक्षा निश्चितपणे कमी असावा लागतो. दोन्ही बाजूंत करार नसेल तर तो निम्मा धरला जातो. ब्रिटनमध्ये पैदासकारांची संस्था आणि शेतकरी संघटना यांनी वाटाघाटींतून दर ठरवले. तेथे गावोगाव फिरून शेतकऱ्याचे बियाणे चाळून, औषध लावून देणारी यंत्रे असतात. अनेकदा त्या यंत्रचालकामार्फतच ही रक्कम गोळा होते. बाकीचे शेतकरी वर्षाअखेरीस कोणता वाण किती वापरला याचे निवेदन देतात.

या नियमातील एक तरतूद आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. ९२ टन तृणधान्य पिकेल एवढ्यापेक्षा जास्त क्षेत्र नसलेला शेतकरी ‘लहान’ समजला जातो आणि त्याला घरच्या बियाण्यावर काहीही द्यावे लागत नाही. हेक्टरी तीन टन उत्पादन धरले तर हे क्षेत्र ३० हेक्टरांच्या, म्हणजे सुमारे ७५ एकरांच्या घरात जाते. या मापाने पाहिले तर आपल्या जिल्ह्यांतील जवळजवळ प्रत्येक शेतकरी लहानच ठरेल. युरोपचा दाखला देऊन आपल्याकडे आकारणीची मागणी करणाऱ्यांनी ही ओळ सोयीने गाळू नये.

फ्रान्सची रीत निराळी आहे. तेथे २००१ पासून गव्हाच्या बाबतीत आकारणी बियाण्यावर न करता विकलेल्या धान्यावर केली जाते. शेतकरी गहू घालायला जातो तेव्हा टनामागे छोटी रक्कम कापली जाते. आरंभी ती अर्धा युरो होती. ज्याने प्रमाणित बियाणे विकत घेतले त्याने रॉयल्टी आधीच भरलेली असते, म्हणून त्याला परतावा मिळतो. जमलेल्या रकमेपैकी ८५ टक्के पैदासकारांना वाटले जाते आणि १५ टक्के सामायिक संशोधन निधीत जाते. या वर्गणीच्या मूळ फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ ‘ऐच्छिक सक्तीची वर्गणी’ असा होतो. नाव हास्यास्पद असले तरी त्यात प्रामाणिकपणा आहे : व्यवसायातील संघटनांनी आपसांत ठरवायचे आणि मग सर्वांनी पाळायचे.

ऑस्ट्रेलियाने याच मार्गाने आणखी पुढे पाऊल टाकले. तेथे १९९४च्या कायद्यानंतर ‘अंत्यबिंदू रॉयल्टी’ रूढ झाली. १९९६ साली ‘गोल्डमार्क’ नावाच्या गव्हावर ती प्रथम लागली. शेतकरी बियाणे कितीही वर्षे घरी राखू शकतो. मात्र धान्य विकताना वाणाचे नाव सांगतो आणि त्या वाणाला ठरलेल्या दराने टनामागे काही डॉलर कापले जातात. या पद्धतीत एक न्याय आहे. पीक चांगले आले तर पैदासकाराला जास्त मिळते. दुष्काळ पडला तर शेतकरी कमी देतो. वाणाच्या यशापयशाची जोखीम दोघे वाटून घेतात. याखेरीज ऑस्ट्रेलियात धान्याच्या किमतीच्या सुमारे १ टक्का उपकर शेतकऱ्यांकडून घेतला जातो, त्यात सरकार आपली भर घालते आणि त्यातून धान्य संशोधनाचे राष्ट्रीय महामंडळ चालते. रॉयल्टी पैदासकाराला, तर उपकर सामायिक संशोधनाला, अशी ही विभागणी आहे.

४. हिशेबाची एक पाटी

आकडे डोळ्यांसमोर आले की वाद स्पष्ट होतो. म्हणून एक काल्पनिक उदाहरण मांडू. समजा, गव्हाचा एक वाण १ लाख हेक्टरांवर पेरला जातो. हेक्टरी १ क्विंटल बियाणे धरले तर १ लाख क्विंटल बियाणे लागेल. प्रमाणित बियाण्यावर क्विंटलमागे २०० रुपये रॉयल्टी आहे असे माना.

सर्वांनी प्रमाणित बियाणे घेतले तर पैदासकाराला २ कोटी रुपये मिळतील. पण पाचांपैकी एकच शेतकरी प्रमाणित बियाणे घेतो आणि चौघे घरचे वापरतात, अशी स्थिती असेल तर २० हजार क्विंटलांवर केवळ ४० लाख मिळतील. घरच्या बियाण्यावर निम्म्या दराने, म्हणजे १०० रुपये, आकारणी केली तर उरलेल्या ८० हजार क्विंटलांवर आणखी ८० लाख मिळून एकूण १ कोटी २० लाख होतील. आता बियाण्यावर काहीच न लावता धान्यावर आकारणी करू. हेक्टरी ३० क्विंटल उत्पादन धरले तर ३० लाख क्विंटल गहू पिकेल. क्विंटलमागे केवळ ४ रुपये घेतले तरी तेवढेच १ कोटी २० लाख जमतात.

या हिशेबातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, घरच्या बियाण्याचे प्रमाण जेथे मोठे तेथे केवळ प्रमाणित बियाण्यावर अवलंबून राहणारी पैदास दुबळी राहते. दुसरी, आकारणीचा पाया जितका रुंद तितका दर हलका. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : आज बहुतेक भार प्रमाणित बियाणे घेणारा एकटा शेतकरी उचलतो आणि लाभ मात्र सर्वांना होतो. तरीही एक शंका उरते. हे सारे गणित धान्य बाजारात येते असे गृहीत धरते. ज्याचे धान्य घरच्याच चुलीवर शिजते, त्याच्याकडून कोणती वसुली करणार, आणि का करावी?

५. भारताने निवडलेली वाट

भारताने २००१ साली ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा’ केला. या नावात पैदासकाराच्या संरक्षणाबरोबर शेतकऱ्याचा हक्क उच्चारलेला आहे, हेच त्याचे वैशिष्ट्य. भारत ‘युपोव’ कराराचा सदस्य नाही. आपल्या कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. त्याला एकच मर्यादा आहे : संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून, वेष्टनात, व्यापारी मालाप्रमाणे विकता येणार नाही. घरच्या बियाण्यावर कोणतीही रॉयल्टी नाही. ९२ टनांची अटही नाही.

पैदासकाराला नोंदणीनंतर पिकांसाठी १५ वर्षे आणि वृक्ष व वेलींसाठी १८ वर्षे संरक्षण मिळते. त्या बदल्यात वाणाची अपेक्षित कामगिरी त्याने शेतकऱ्याला सांगितली पाहिजे; त्या परिस्थितीत वाण तसा न ठरल्यास शेतकरी भरपाई मागू शकतो. अजाणतेपणी हक्कभंग झाला तर शेतकऱ्याला कलम ४२ चे संरक्षण आहे.

या हक्काची कसोटी २०१९ साली गुजरातेत लागली. पेप्सिको कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणाची अनधिकृत लागवड केल्याचा दावा करून काही शेतकऱ्यांवर खटले भरले. त्यांतील चौघांकडून प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपये मागितले. देशभर निषेध झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने खटले मागे घेतले. नोंदणीचा वाद पुढे प्राधिकरणात व दिल्ली उच्च न्यायालयात चालत राहिला. पण सामान्य शेतकऱ्याला त्यातून मिळालेला धडा स्पष्ट होता : पुस्तकातील कलम माहीत असेल तरच ते कामी येते.

६. कापसाचा अनुभव

विदर्भ-मराठवाड्यातील पालकांना रॉयल्टीचा सर्वांत जवळचा अनुभव आला तो कपाशीच्या बियाण्यातून. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. तेथील आकारणी वाणावर नव्हती, तर बोंडअळीला रोखणाऱ्या जनुकाच्या पेटंट तंत्रज्ञानावर होती, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. बियाणे संकरित असल्यामुळे ते दरवर्षी विकत घ्यावेच लागे आणि प्रत्येक पाकिटाच्या किमतीत तंत्रज्ञानाचे शुल्क मिसळलेले असे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणले. २०१६ च्या हंगामासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातील तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये ठरले. पुढे ते ३९, मग २० झाले आणि २०२० साली शून्यावर आले. दरम्यान गुलाबी बोंडअळीने या तंत्रज्ञानावर मात केलेली सर्वांनी पाहिली.

या इतिहासातून दोन्ही बाजूंना काही शिकता येते. ज्याची किंमत देण्याचे सामर्थ्य शेतकऱ्यात नाही आणि ज्याला पर्यायही नाही, अशी रॉयल्टी समाजाला सहन होत नाही. शेवटी सरकारला हस्तक्षेप करावा लागतो. उलट शुल्क शून्य झाले म्हणून संशोधनाचा खर्च शून्य झाला असेही नाही. तो खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे, नाहीतर नव्या अळीला उत्तर देणारे नवे बियाणे येणार नाही.

७. दादाजी खोब्रागडे यांचा वाटा

पैदासकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कंपनी किंवा विद्यापीठ येते. पण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यात एका अल्पभूधारक, अल्पशिक्षित शेतकऱ्याने नवा वाण घडवला, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असलीच पाहिजे. दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या शेतातील ‘पटेल-३’ या भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचा, चवदार व भरपूर उतारा देणारा वाण तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. हा तांदूळ विदर्भाबाहेर अनेक राज्यांत पसरला. त्यानंतरही त्यांनी आणखी वाण निवडले. विद्यापीठाने त्यांच्याकडील बियाण्यावर शुद्धीकरणाचे काम करून ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय पातळीवर सन्मान झाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली. सन्मान पुष्कळ झाले. मात्र लाखो ताटांत पोहोचलेल्या त्या तांदळाची रॉयल्टी म्हणून त्यांच्या पदरात काही पडले नाही. २०१८ साली आर्थिक ओढग्रस्तीतच त्यांचे निधन झाले.

आता येथे थांबून विचार करावा. २००१ चा कायदा शेतकऱ्यालाही पैदासकार मानतो. तो आपला वाण नोंदवू शकतो आणि त्यासाठी त्याला शुल्क भरावे लागत नाही. परंतु एचएमटी हा वाण कायद्याच्या कित्येक वर्षे आधीच गावोगाव गेला होता. आणि समजा, असा वाण आज एखाद्या शेतकऱ्याने नोंदवला, तरी इतर शेतकरी त्याचे बियाणे घरी राखतील, शेजाऱ्याला देतील. कायदा त्यांना तो हक्क देतो. म्हणजे जी मुभा लाखो शेतकऱ्यांना वाचवते, तीच मुभा वाण घडवणाऱ्या एका शेतकऱ्याचे हात रिकामे ठेवते. हा पेच प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. त्यावर उपाय म्हणून शेजाऱ्याकडून वसुली करणे योग्य ठरणार नाही, आणि दादाजींसारख्यांना शालश्रीफळ देऊन घरी पाठवणेही योग्य नाही.

कायद्याने यासाठी एक तिसरा मार्ग ठेवला आहे : राष्ट्रीय जनुक निधी. नोंदणीकृत वाणांचे पैदासकार देत असलेले वार्षिक शुल्क, लाभवाटपाची रक्कम आणि देशी-विदेशी संस्थांचे साहाय्य या निधीत जमा होते. व्यापारी पैदासकाराने एखाद्या गावाने जपलेल्या वाणाचा उपयोग करून नवा वाण काढला असेल तर त्या गावाला लाभाचा वाटा मागता येतो. पारंपरिक वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना व समुदायांना याच निधीतून पुरस्कार दिले जातात. हा निधी जितका भरीव होईल आणि त्याचा दरवाजा खेड्यातील माणसाला जितका सुलभ होईल, तितका हा पेच सुटेल.

८. रॉयल्टी जेथे पोहोचत नाही

रॉयल्टीची एक मर्यादा मूलभूत आहे. ती क्षेत्राच्या आणि बाजाराच्या मागे जाते. जे पीक लाखो हेक्टरांवर आहे, ज्याचे धान्य मोठ्या बाजारात तोलले जाते, त्याच्याच पैदाशीला रॉयल्टीतून पैसा मिळतो. कोरडवाहू ज्वारी, नाचणी, वरई, कुळीथ, जवस यांसाठी कोण थांबणार? सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेली ‘एम ३५-१’ ही रब्बी ज्वारी कित्येक दशके महाराष्ट्राची भाकर झाली आहे. ती सार्वजनिक पैशातून, स्थानिक शेतकऱ्यांच्या बियाण्यातून निर्माण झाली आणि घरोघरच्या कणग्यांतून टिकली. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या ‘जेएस ३३५’ या वाणाने आपल्याकडे सोयाबीनचा विस्तार घडवला, तोही सार्वजनिक संशोधनाचाच वाण. अकोल्याजवळच्या कोंभाळणे गावाचे नाव काहींना आठवेल. पण ते अकोला जिल्ह्यातील नव्हे, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही कामे रॉयल्टीच्या हिशेबात बसत नाहीत.

ब्रिटनचाच दाखला पुन्हा घ्यावा. केंब्रिज येथील सरकारी वनस्पती पैदास संस्थेचे गहू त्या देशात मोठ्या क्षेत्रावर पेरले जात आणि त्यांची रॉयल्टी सरकारी यंत्रणेकडे येई. १९८७ साली या संस्थेचा पैदास विभाग युनिलिव्हर कंपनीला विकण्यात आला आणि १९९८ साली तो मोन्सँटोच्या हाती गेला. गव्हाची पैदास थांबली नाही. पण कोणत्या पिकावर काम करायचे हा निर्णय लोकांच्या प्रतिनिधींकडून बाजाराकडे गेला. आपण सार्वजनिक कृषी संशोधनाकडे दुर्लक्ष केले तर हाच निर्णय आपल्याकडेही मुकाट्याने हातातून जाईल.

९. धम्माच्या दृष्टीने

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात भगवान बुद्धांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राज्यात लूटमार माजली असता शहाणा पुरोहित राजाला सांगतो की दंड वाढवून चोरी थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बी-बियाणे द्यावे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे सेवा करतात त्यांना वेतन द्यावे. बियाणे पुरवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार इतका जुना आहे. दुसरीकडे, न दिलेले घेऊ नये हे शील आपण रोज ग्रहण करतो. दुसऱ्याच्या दहा वर्षांच्या कष्टांचे फळ त्याला काहीही न देता घेणे या शीलात बसते काय, हा प्रश्न कंपनीच्या बाबतीत विचारायचा असेल तर तो दादाजींच्या बाबतीतही विचारला पाहिजे. आणि पिढ्यान्‌पिढ्या वाण जपणाऱ्या आदिवासी व दलित शेतकऱ्यांकडून जनुके घेणाऱ्या कंपनीलाही तो विचारला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले होते की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल व साधने लावता येतात यावर ठरते. बियाणे हे त्या साधनांतील पहिले. ते महाग झाले की लहान शेतकरी आणखी लहान होतो.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा. पैदासीचा खर्च खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिक ठरेल. पण तो वसूल करताना घरच्या बियाण्याचा हक्क अबाधित राहावा; मोठ्या व्यापारी उत्पादनावरील हलकी आकारणी आणि सार्वजनिक तिजोरी यांतून तो भागवावा; आणि रॉयल्टी पोहोचत नाही तेथे शासनाने पोहोचावे. स्वस्त धान्याचा लाभ शहरातील नोकरदारालाही होतो. म्हणून भार एकट्या शेतकऱ्यावर नको.

आपल्या घरांपुरते काय करता येईल? बियाणे विकत घेतल्यास पावती, पिशवी व खूणचिठ्ठी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. घरचे बियाणे वापरताना पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजावी. सोयाबीनचे सत्तरपेक्षा कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे किंवा ते बदलावे. आणि शेतात एखादे वेगळे कणीस, वेगळी लोंबी दिसली तर ती राशीत मिसळू देऊ नये. ती वेगळी पेरावी, नोंद ठेवावी आणि नोंदणीसाठी कृषी विद्यापीठ अथवा कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी. आपल्या शाळेतून शिकून कृषी पदवीधर झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी गावाकडच्या अशा एका शेतकऱ्याचा अर्ज भरून द्यावा. दादाजींजवळ नजर होती, चिकाटी होती. कागद सांभाळणारे कोणी वेळेवर भेटले नाही. ती उणीव शिकलेल्या पिढीने भरून काढावी. ज्या घरांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शाळेत पाठवले, त्यांचे ऋण फेडण्याची ही एक रीत आहे.